न दिलेलं नावासन

गोकुलम वस्तीत कोंबडं आरवायच्या आत योगशाळेची ओसरी भरलेली असायची. ब्राझील-फिनलंडची पोरं गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकलेली, आणि दारात स्टूल टाकून वेदवल्ली. आत एखादी जागा मोकळी झाली, की तिचा धाकटा भाऊ शेषाद्री हाळी द्यायचा, "आणखी एक!" वल्ली ज्याच्याकडे बोट करील त्यानं उठायचं. नवा कुणी असला तर ती चार गोष्टी आधीच कानावर घालून ठेवी. आत कुणी करून दाखवत नाही, ज्यानं त्यानं आपलं पाठ असलेलं करायचं. श्वासाचा आवाज येऊ द्यायचा, तोंडाचा नाही. नजर नाकाच्या शेंड्यावर. आणि गुरूनं दिलंय तिथवरच जायचं. पुढचं आसन तो देईल तेव्हा. मागायचं नाही.

अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, या दोघा भावंडांना एकाच जाजमावर शिकवलं होतं. मरीच्यासनापर्यंत दोघं बरोबरीनं आली. त्यात एक पाय मांडीवर अडकवायचा, अंग पिळायचं आणि पाठीमागे हातानं हात धरायचा. वल्लीला मनगट सहज सापडे. शेषाद्रीची बोटं नुसती पाठ खाजवत राहत. पण त्याच साली वल्ली शहाणी झाली आणि अप्पा तिला म्हणाले, पुरे. शेषाद्रीचे हात मात्र त्यांनी स्वतः ओढून जुळवले आणि त्याला पुढचं नावासन दिलं.

नावासन म्हणजे काय, तर ढुंगणावर बसून पाय वर उचलायचे. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा खेळता खेळता करतात. वल्लीनं ते जन्मात केलं नाही. लग्न झालं, नवरा गेला, माहेरी परत आली. दुपारी गच्चीवर सांडगे वाळत घातले, की त्यांच्या शेजारीच ती सगळी आसनं करायची आणि मरीच्यासनाशी येऊन थांबायची. न दिलेलं करणं म्हणजे देवाच्या आधी नैवेद्याला तोंड लावणं, हे अप्पांनी हाडात भिनवलेलं.

आता अप्पाही नव्हते. देणारा शेषाद्रीच. उगादीला, म्हणजे पाडव्याला, कॉफीचा पेला हातात देताना तिनं एकदा विचारून पाहिलं होतं. तो म्हणाला, बघू. मग बायकोकडे बघत म्हणाला, या वयात कंबर धरली तर हिला आईबरोबर तुझंही काढावं लागेल, दोन म्हाताऱ्यांचं. भावजय हसली. वल्लीही हसली. ज्यांच्या घरी जेवायचं त्यांच्यासमोर तोंड वाकडं करून भागत नाही.

श्रावण लागला त्या सोमवारी मात्र ती स्टुलावर बसलीच नाही. भाचीचा जुना पंजाबी ड्रेस चढवून, जाजम काखेत मारून ओसरीत पोरांमध्ये बसली, आणि हाळी आली तशी आत गेली.

शेषाद्री बघतच राहिला, पण एवढ्या परक्यांच्या देखत बोलतो काय? ती नमस्कारांपासून सुरू झाली, मरीच्यासनाला पोचली. हात मागे गेले, मनगट सापडलं. तो शेजारी येऊन उभा राहिला. वल्ली तशीच पिळलेली, वाट बघत. एका शब्दाचा तर प्रश्न होता.

"झालं ना, अक्का," तो हळू आवाजात म्हणाला. "मागच्या खोलीत जाऊन शवासन कर. दारात कुणी नाहीये."

वल्लीनं हात सोडले आणि पाय वर उचलले.

"ते कुणी दिलं तुला?"

"कुणी नाही. तुझे हात कुणी जुळवले होते, पुट्टा?" तिनं लहानपणची लाडाची हाक मारली.

शेषाद्री वाकला, तिचे दोन्ही घोटे धरले आणि वाटेतला पाट बाजूला ठेवावा तसे पाय खाली ठेवले. खोलीभर श्वास भात्यासारखे चालले होते. शिस्त अशी, की नाकाच्या शेंड्यावरून एकाचीही नजर हलली नाही.

मागच्या खोलीत ती उताणी पडली. शेजारी लुसियाना, महिन्यापूर्वी आलेली, अंगाचा घाम पुसत होती. तिनं वल्लीचा दंड थोपटला.

"वाईट वाटून घेऊ नका, अक्का. आज पहिलाच दिवस ना तुमचा आत? सगळ्यांना थांबवतात ते. देतील हळूहळू."

"हो," वल्ली म्हणाली.

लुसियानानं पंचा घडी करून उशाशी ठेवला.

"तुमचं झालं असेल तर थोडं सरकता का? मला पाय पसरायचेत."

वल्ली सरकली.