कागदी फुलांचं हिरवं भांडं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात रोज बुद्धवंदना व्हायची. अंगात येणं, उतरवणं असलं काही कधी चाललं नाही. तरीही हे लिहितेय...

बहात्तरचा दुष्काळ. नळदुर्गजवळचं आमचं गाव. आमचे हे दुष्काळी कामावर मुकादम होते. तलावाची माती काढताना त्यांना एक हिरवं काचेचं भांडं सापडलं — खाली घंटेसारखं फुगीर, वर निमुळती मान, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. फुलदाणीच असणार, म्हणून सासूबाईंनी ते बुद्धांच्या तसबिरीपुढं ठेवलं. ताजी फुलं कुठून आणायची? मग कागदाची खोचली.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे. भांड्याचं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. एके दुपारी म्हणाले, "कोपऱ्यात कोण बसलंय? तंबाखूचा वास येतोय. त्याचं भांडं कोरडं पडलंय, उलुसं पाणी घाला त्यात."

"आवं, प्यायला घागरभर न्हाय, अन् भांड्यात कुठलं घालू?" सासूबाई कावल्या. "चळलाव का तुमी?"

मामंजी रोज तेच सांगायचे. टँकरच्या रांगेत सासूबाई सगळ्यांना म्हणायच्या, "आमचं म्हातारं चळलं." ते त्यांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी बोलणंच सोडलं. पाऊस यायच्या आधी गेले, बायकोशी एक शब्द न बोलता.

मला मात्र एकदा फुलं झटकताना त्या कोरड्या काचेतून तंबाखूचा भपकारा आला होता... घरात कुणी तंबाखूला शिवत नव्हतं. भास असेल म्हणून मी गप्प बसले.

काही वर्षांनी जुन्या काचेच्या वस्तू घेणारा हैदराबादचा एक व्यापारी दारात आला. सासूबाईंनी ते भांडं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं फुलं काढली, मानेवरून बोट फिरवलं आणि हसला. "ये फूलदान नै अम्मा, हुक्के का पेंदा है, तंबाकू पीने का. उधर हैदराबाद में नवाबां के घरां में रहते थे. पानी भरके पीते, सूखा नै पीते."

सासूबाईंनी भांडं त्याच्या हातून काढून घेतलं. "पाणीच घालायचं असतंय व्हय ह्यात?"

भांडं त्यांनी विकलं नाही. मामंजींना ते कसं कळलं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. तो वासही परत कधी आला नाही. पण त्या संध्याकाळी सासूबाईंनी भांडं काठोकाठ भरलं आणि अंधार पडेपर्यंत त्याच्यापुढं बसून राहिल्या.

"आवं, घातलं बघा पाणी," त्या म्हणत होत्या. "आता तरी बोला की माझ्याशी."