हनुमानच्या वाटची साय

साखराआत्या गेली ती अंगणात, पाय लांब करून, पायांवर हनुमानचा नातू पालथा घेऊन. तेल चोळता चोळता हात थांबला. बाळ किंचाळलं म्हणून रोहिणी धावली, तर आत्याची मान कलंडलेली. तिनं आधी बाळ उचललं. आत्यानंही तेच सांगितलं असतं, वर दोन शिव्या घालून.

लिंबागणेशच्या अलीकडच्या त्या घरात चार पिढ्या आत्याच्या पायांवर न्हाऊन निघाल्या होत्या. आता हयात नसलेला धाकटा भाऊ सुंदरराव, मग त्याची पोरं हनुमान आणि रोहिणी, मग हनुमानची पोरं, आणि आता हा नातू. स्वतःचं एकही नाही. म्हणूनच तेलगावच्या बंकटनं लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला बैलगाडीतून आणून दारात सोडली आणि दुसरी केली. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक पोर आत्याच्या गळ्यात आणि बारशाला मात्र आत्या चुलीपाशी. वांझ बाईनं पाळण्याला हात लावू नये म्हणे. पाळण्यातून उतरल्यावर मग हवे तेवढे लावावेत.

आत्या काही देवमाणूस नव्हती. रडक्याला आधी रट्टा, मग काला. दुधावरची साय रोज काढायची ती एकट्या हनुमानसाठी. रोहिणीनं वाटी पुढं केली की म्हणायची, "तुला कशाला गं? तू परक्याची. ह्याच्या हातचं पानी प्यायचं हाय मला." मग हनुमानकडं वळायची. "मरताना मला पानी पाजशील ना रे? अग्नी देशील ना?" सायीनं भरलेल्या तोंडानं हनुमान मान हलवायचा. त्या एका मानेवर बाईनं अख्खा जन्म काढला.

हनुमान आला. धाय मोकलून रडला, खोटं का बोला. पण भावकीतले अजिनाथकाका शेजारी टेकले आणि कानाशी एकच शब्द बोलले. सुतक. हनुमानच्या धाकट्या पोराचं, सत्यमचं लग्न आठवड्यावर आलं होतं, मंगल कार्यालय ठरलं होतं, तालुक्याचे पुढारी यायचे होते.

"अग्नी तू दिलास तर दहा दिवस सुतक तुझ्या घरात," काका म्हणाले. "नवरा जिता हाय ना तिचा? ज्याची बाई त्यानं न्यावी. मंग आपल्याला तीन दिवस. डोक्यावरून पानी घेतलं की मोकळं."

हनुमानचं रडं थांबलं. तेलगावला फोन गेला.

रोहिणीनं त्याला गोठ्यामागं गाठलं. "दादा, तू शब्द दिलता तिला."

"लहानपनी दिलता."

"साय तर खरीच खाल्लीस ना?"

"नवऱ्याच्या हातानं सोनं होतंय बाईच्या मरनाचं. तुला काय कळतंय?" त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन वर्षांपूर्वी अंबाजोगाईहून नवऱ्याला सोडून, एक पेटी घेऊन ती याच दारात आली होती. "आन् तू कोन बोलनारी? तूबी तिकडचीच."

रोहिणीला सायीची ती रिकामी वाटी तेवढी आठवली.

बंकट आला जीपमधून, धोतर सावरत, दोघांच्या आधारानं. जावईच तो, त्याला गादी टाकली, चहा दिला, टॉवेल-टोपी केली. तोवर बायांनी आत्याला हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला. हळदीकुंकवाला जिला कुणी पाटावर बसवलं नाही, तिच्या कपाळाचं कुंकू आपल्याला लावून घ्यायला आता बायांची रेटारेटी सुरू झाली. "अहेव गेली, लई भाग्याची," असं जिचं सारखं चाललं होतं, तिनंच कधी काळी आत्या दिसली की पोराला पदराखाली झाकलं होतं. रोहिणीला वाटलं, एकेकीच्या झिंज्या धराव्यात. धरल्या नाहीत. सोडून आलेल्या बाईला भावाच्या अंगणात तेवढा आवाज नसतो.

बंकट कुंकू लावायला वाकला आणि थबकला. मागं वळून त्यानं विचारलं, "हीच का?"

"हीच," अजिनाथकाका म्हणाले.

स्मशानात बंकटनं पाणी पाजलं. ते आत्याच्या ओठांवरून ओघळून गळ्याकडं गेलं. रोहिणीनं तांब्या घेऊन हनुमानपुढं धरला. "दादा, एक घोट. अग्नी नको देऊ."

सगळे बघत होते. हनुमानचा हात पुढं आला, खरंच आला. मग त्यानं काकांकडं पाहिलं आणि तोच हात दुसऱ्या हाताला जोडला. "लग्नघर हाय, रोहे," तो म्हणाला. रोहिणीनं स्वतः पाणी घातलं. परकीच्या हातचं. आत्याला ते चाललं असतं की नाही, कोण जाणे.

घरी आल्यावर हनुमाननं आंघोळ केली, कडुलिंबाचं पान चावलं आणि मांडववाल्याला फोन लावला. "न्हाई न्हाई, कशाला पुढं ढकलायचं? सुतक तेलगावला गेलं."

बाळ सकाळपासून अर्धवट तेलातच होतं. हनुमानची थोरली सून सायली त्याला घेऊन आली आणि रोहिणीच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "आत्या, ह्याला न्हाऊ घाला बरं तेवढं. माझ्याकडं थांबंना."

त्या घरात आत्या म्हटलं की अजून साखराबाईच आठवायची. रोहिणीनं मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तिनं पाटावर बसून पाय लांब केले, बाळ पायांवर घेतलं, तोंडावरून ओला हात फिरवला. आणि बोलायचं काहीच मनात नसताना तिच्या तोंडून निघून गेलं, "मला पानी पाजशील ना रे?"

बाळ हसलं. हनुमानही असाच हसायचा, असं आत्या सांगायची.