सेल जुना होता

आई गेल्यावर वडील लासूर स्टेशनचं घर बंद करून आमच्याकडे शहरात, गारखेड्याला आले खरे, पण राहत होते पाहुण्यासारखे. आपल्यामुळे कुणाला अडचण झाली असं वाटलं, की लगेच 'मी आपला गावाकडंच बरा' सुरू. तिथे ते एकटे कसे राहणार?

त्यात बायकोचा लॅपटॉप बिघडला. ती घरीच एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवते आणि तिची सगळी डिझाइनं त्या जुन्या लॅपटॉपमध्ये. सुरुवातीला रोज सकाळी त्याचं घड्याळ भलत्याच जुन्या साली जाऊन बसलेलं असायचं. ती तारीख लावायची आणि कामाला लागायची. एक दिवस मात्र तो चालूच होईना. काळ्या पडद्यावर दोन ओळी, पुढे काही नाही. माझं डोकं फिरलं. "भंगारात दे," म्हणून मी मोकळा झालो.

ती पोळ्या लाटता लाटता विचार करत होती. "दुपारी बंद ठेवला तर त्याचं घड्याळ बिघडत नाय," ती म्हणाली. "रात्रीच बिघडतं. रात्री असं काय होतं?" हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

दुपारची जेवणं झाल्यावर तिने मागचं झाकण उघडलं. आत बटणाएवढा सेल होता. लॅपटॉप बंद असताना वेळ आणि सेटिंग तो सांभाळतो. तो पार संपला होता, म्हणून सेटिंगही पुसलं गेलं होतं. तिने नवा आणून बसवला. मग सेटिंगमध्ये शिरून एक गोष्ट बदलायची, चालू करून बघायचं, नाही जमलं तर ती होती तशी करून दुसरी. मी असतो तर लॅपटॉप केव्हाच आपटला असता. संध्याकाळी डिझाइनं पडद्यावर आली, तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला.

वडील दारात उभे होते. "झाला का नीट? मी तर त्याला लई जपतो. रोज रात्री बॅटरी काढून फडक्यात गुंडाळतो, तुम्ही उठायच्या आधी परत लावतो. गावाकडं लाइटीनं विहिरीवरच्या लई मोटारी जाळल्या आपल्या."

मोठी बॅटरी काढली, की सगळा भार त्या इवल्याशा सेलवर; दुपारी ती आतच असायची, म्हणून वेळ टिकायची. रात्रीचं कोडं सुटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने डोळ्यांनीच मला थांबवलं.

वडिलांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं बिघडला व्हय?"

"नाय बाबा. सेल जुना होता, जाणारच होता," ती म्हणाली. "आता बॅटरी आतच राहू द्या. रात्री वायर तेवढी काढत जा. मी हटकून विसरते, अन् लाइटीचा भरोसा इथंबी नाय."

तिला काही विसरताना मी आजवर पाहिलेलं नाही. मी बोललो असतो, तर वडील सकाळच्या गाडीने निघून गेले असते.

ते खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "बरं. वायरीचं रोज माझ्याकडं."