गुलाबी तुकडा

चिखलीत आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या चाची दुपारी फेकलेल्या कागदांची चित्रं करायच्या. एसटीची तिकिटं, लग्नपत्रिका, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, सगळं खळीनं चिकटवायच्या. पाकिटावरची मोठाली बोंडं मात्र कापून टाकायच्या.

"एवढी बोंडं कोनाच्या वावरात पाह्यली बे?"

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी त्यांनी आमच्या वावराचं चित्र केलं. तिकिटांची बारकी बोंडं, आणि एकावर लग्नपत्रिकेचा गुलाबी तुकडा.

"चाची, हे काय?"

"अळी. हाय तं लावाच लागते."

आईनं चित्र हातात घेतलं आणि नकळत नखानं ती अळी काढायला लागली. चाची पाहत राहिल्या. मग त्यांनी बोट ओलं केलं, खळ भिजवली आणि तो तुकडा हलकेच उचलून घेतला.