झुरळांचा रकाना

बापाच्या पाठीत लाथ बसली तेव्हा माझ्या गळ्यात परिषदेचा बिल्ला होता. त्यावर माझं नाव आणि खाली 'सहभागी विद्यार्थिनी'. बाप उघड्या चेंबरच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. लाथ बसली आणि त्याचा एक पाय आत गेला. दोन्ही हातांनी त्याने कड धरली. लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट छातीपर्यंत काळा झाला. लाथ मारणारा सभागृहाचा मॅनेजर होता. चार पावलांवर माझे सर उभे होते, नाकाला रुमाल लावून.

हे आत्ताचं सांगते आहे. रायपूरचं. जुन्या काळातलं नाही.

आम्ही मूळचे विदर्भातले. आजोबा इथे आले तेच गटारं साफ करायला. गुढियारीत, रेल्वेलाइनच्या अंगाला आमची खोली. बाप ठेकेदाराकडे चेंबरमध्ये उतरतो. त्यामुळे आमची जात कोणाला विचारावी लागत नाही. माणसाला आत उतरवायला कायद्याने बंदी आहे, हे मी कॉलेजात शिकले. घरी येऊन बापाला सांगितलं तर तो नुसता हसला.

कॉलेजात मी कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकत होते. एक दिवस सर वर्गात आले आणि म्हणाले, शहरात भू-स्थानिक तंत्रज्ञानाची मोठी परिषद भरते आहे. तज्ज्ञ येतील, अधिकारी येतील. "नुसतं बघायला येऊ नका. मांडायला या." मी मागच्या बाकावर. त्यांनी मला बोट दाखवून उभं केलं आणि विचारलं, तू का नाही? तोवर मला कोणी असं उभं केलं नव्हतं. उभं केलं ते फळा पुसायला नाहीतर बाहेर जायला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी त्या माणसासाठी मी जीव दिला असता.

मी शहरातल्या चेंबरांचा नकाशा करायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी बाप पुढे, कॉलेजचं जीपीएस घेऊन मी मागे. कागदावर कुठेही नसलेली चेंबरं बापाला पाठ होती. लोकांच्या ओट्याखाली दबलेलीसुद्धा. तो सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, ढक्कनावर दोनदा ठोकायचा, ढक्कन सरकवायचा आणि थांबायचा. झुरळं भराभर बाहेर आली तर आतली हवा बरी. एकही आलं नाही तर आत मरण. त्याच्या बापाने त्याला हेच शिकवलं होतं. मास्क, सिलिंडर त्याने कधी पाहिले नाहीत.

माझा काका अशाच एका चेंबरात गेला. झुरळ आलं नव्हतं. ठेकेदाराचा माणूस घाई करत होता, म्हणून काका उतरला. बापाने दोराने ओढून काढला तेव्हा त्याच्या नाकातोंडातून काळं पाणी वाहत होतं. 

म्हणून मी तक्त्यात एक रकाना केला. झुरळं: होय, नाही. होय असेल तिथे निळा ठिपका. नाही असेल तिथे लाल. एक लाल ठिपका काकाचा. तो बापाला मी स्क्रीनवर दाखवला होता.

सरांनी नकाशा पाहिला, खूश झाले. मग त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा काढून टाक. परिषद तंत्रज्ञानाची आहे, झुरळांची नाही." पाहुण्यांत महानगरपालिकेचे अधिकारी आहेत, लाल रंग त्यांना टोचेल, असंही म्हणाले. मी काढला. होय, मीच. सर दारात होते, नाव नोंदवायची मुदत जवळ आली होती, आणि मला तो बिल्ला हवा होता. एका क्लिकसरशी सगळे ठिपके निळे झाले. काकाचाही.

परिषदेला बाप आला. दाढी करून, केसांना तेल लावून. शंकर नगरातलं मोठं सभागृह, थंडगार. माझ्या नकाशापुढे तो बराच वेळ उभा राहिला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण शहर वाचता येतं.

"लाल टिपके कुठं गेले वं बाई?"

मी खाली मान घातली. असली शरम मला लोकांच्या शिव्यांनीसुद्धा कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात आरडाओरडा झाला. संडास तुंबले होते, घाण पाणी गालिच्यापर्यंत आलं होतं. मॅनेजर धावत आला. ठेकेदाराकडून इथे आधी कामाला आलेल्या बापाला त्याने लगेच ओळखलं. पांढऱ्या शर्टातसुद्धा ओळखलं. म्हणाला, बरा सापडलास, चल मागे. बाप माझ्याकडे बघू लागला. सर माझ्या कानाशी वाकले. आवाज गोड. "वडिलांना सांग ना. प्रमुख पाहुणे पोचतील आता. दहा मिनिटांचं काम आहे."

मी सांगितलं नाही. पण अडवलंही नाही. बाप सवयीने चालू लागला आणि मी बिल्ला सांभाळत मागून गेले.

मागच्या अंगणात मॅनेजरने दिलेल्या सब्बलीने बापाने दोनदा ठोकलं. ढक्कन सरकवलं. थांबला. आम्ही सगळे थांबलो. काहीच आलं नाही. एक मिशीसुद्धा हलली नाही.

"झुरळ नाही निंगालं. मी नाही उतरत."

"नाटक मत कर," मॅनेजर म्हणाला आणि त्याने लाथ घातली.

सब्बल जमिनीवर पडली होती. मी उचलली आणि मॅनेजरच्या नडगीवर हाणली. पूर्ण ताकदीने. हाड वाजलं. तो आडवा झाला, आईवरून शिव्या देत. दुसरा वार मी त्याच्या डोक्यावर करणार होते. खरंच करणार होते. बापाने चेंबरमधून पाय काढला आणि माझे हात धरले.

सब्बल हातात घेऊनच मी सभागृहात शिरले. माणसं बाजूला झाली. नावनोंदणीच्या टेबलावरून लाल मार्कर उचलला आणि नकाशावर जिथे झुरळं नव्हती तो एकेक ठिपका लाल करत गेले. मला सगळे पाठ होते. पहिला काकाचा. शेवटचा या सभागृहाच्या मागच्या अंगणातला, तो नवीन होता. सरांनी माझं मनगट धरलं, तुझं आयुष्य बरबाद होईल म्हणाले. मी म्हटलं, "हात सोडा. नाहीतर ढक्कन उघडंच आहे." त्यांनी सोडला.

पोलीस आले. माझ्यावर केस आहे. मॅनेजरवर नाही. कॉलेजने माझं नाव काढलं, बापाचं काम गेलं. नकाशा परिषदवाल्यांनी त्याच दिवशी फाडून फेकला. माझ्याकडे त्याची फाइल आहे.

सर आजही वर्गात तेच सांगतात, मांडायला या. आमच्या वस्तीतल्या पोरी विचारतात, दीदी, नाव घालायचं का? मी सांगते, घाला. सगळ्यांनी घाला. आपला रकाना घेऊन जा आणि कोणी काढ म्हटलं तर काढू नका. 

परिषद परत भरेल. मीही परत जाणार आहे, बिल्ला देवोत न देवोत. नकाशावर झुरळांचा रकाना पहिला असेल. त्याला कोणी हात लावला, तर बापाची सब्बल आमच्या खोलीत दाराजवळच ठेवलेली असते.