पैसे माझे, खातं तिचं

माझ्या मुलीचं बँकेतलं खातं माझ्यामुळे बंद झालं, आणि ते तिच्याच मूर्खपणानं बंद झालं असं मी लोकांना समजू दिलं. हे आधीच लिहून टाकतो. कारण पुढे मी कारणं द्यायला लागेन, आणि कारणं देता देता मी स्वतःला अलगद सोडवून घेतो, हे मला आता माहीत झालंय.

आम्ही इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला राहतो. मी आयटीत आहे, बायको इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. मुलगी अठराची झाली आणि जूनमध्ये तिची ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची परीक्षा संपली. आसपासच्या मराठी घरांचं आमचं एक मंडळ आहे. दर उन्हाळ्यात मंडळातली जी मुलं युनिव्हर्सिटीला निघतात त्यांना सगळे मिळून निरोप देतात. प्रत्येकाला एक छोटा कुकर, एक मसाल्याचा डबा आणि मोठ्यांचे चार शब्द. पैशांबद्दलचे चार शब्द गेली काही वर्षं माझ्याकडे होते. मला त्याचा अभिमान होता. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरा, घराचा करार वाचल्याशिवाय सही करू नका, पहिल्या पगारापासून थोडं बाजूला टाका, असं सगळं मी स्लाइड्स करून सांगायचो. यंदा लॅपटॉपवर स्लाइड पुढे ढकलायला माझीच मुलगी बसली होती. एका स्लाइडवर लिहिलं होतं: तुमचं खातं कुणालाही वापरू देऊ नका. त्या स्लाइडवर मी जरा जास्तच वेळ बोललो.

त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये मी तिचं खातं वापरलं.

पुण्यातला वडिलांचा फ्लॅट विकून माझ्या वाट्याचे रुपये तिथल्या बँकेत पडून होते. ते सरळ मार्गानं इकडे आणायचे तर सीएचं सर्टिफिकेट, टॅक्स, फॉर्म, बँकेच्या खेपा. त्यामुळे आमच्यात एक सोपी पद्धत आहे. ज्याला तिकडे रुपये हवेत त्याच्या माणसाला आपण पुण्यात रुपये द्यायचे आणि त्यानं आपल्याला इथे पाउंड द्यायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी विचारत असतं, 'पाउंड हवेत, रुपये देतो, रेट गूगलचा.' यात काही गैर आहे असं कुणी म्हणत नाही. मित्रामित्रांत मीही केलं होतं.

या वेळचा माणूस मित्र नव्हता. मित्राच्या मित्राच्या ओळखीतला कुणीतरी होता. फोनवर फार अदबीनं बोलायचा, प्रत्येक वाक्यात 'सर'. त्याला नाशिकला बंगला बांधायचा होता म्हणे. रेट गूगलपेक्षा चांगला देत होता. इतका चांगला रेट कुणी का देईल, हा प्रश्न मला पडला होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही असं मी पुष्कळ दिवस म्हणत आलो. खरं असं की मी लक्ष दिलं, आणि म्हणूनच माझ्या खात्याऐवजी मुलीच्या खात्याचा नंबर दिला. मी एका बँकेच्या प्रोजेक्टवर काम करतो. आमच्या आर्थिक व्यवहारांची चौकशी होत असते. माझ्या खात्यावर प्रश्न आले असते. तिला कोण विचारणार होतं?

"तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील," मी तिला म्हणालो. "तुझ्या हॉस्टेलचेच आहेत."

"कोणाकडून?"

"एक काका आहेत ओळखीचे."

"काकांचं नाव काय?"

"तुला काय करायचंय नाव? आले की सांग मला."

पैसे आले तेव्हा मी घरूनच काम करत होतो. ती फोन घेऊन दारात उभी राहिली. "बाबा, हे काका तीन माणसं आहेत का?"

तीन वेगवेगळ्या नावांनी रकमा आल्या होत्या. तिन्ही नावं इंग्रज. नाशिकला बंगला बांधणाऱ्याचं नाव त्यांत कुठेच नव्हतं. मी हसलो. "असतील त्याच्या कंपनीतले कुणी," म्हणालो आणि परत मीटिंगकडे वळलो.

त्या शनिवारी आम्ही तिच्या सामानाच्या खरेदीला लंडनच्या वेम्बलीला, तिथल्या देशी दुकानांत गेलो. डाळी, पोहे, लोणची, तवा. तिला स्वतःच्या कार्डानं पैसे द्यायचे होते, नवीन होतं ना ते. कार्ड चाललं नाही. काउंटरवरचे काका म्हणाले, "होतं असं बेटा, मशीनच म्हातारं झालंय माझ्यासारखं." दुसऱ्या मशीनवरही चाललं नाही. बायकोनं तिचं कार्ड पुढे केलं. बाहेर फुटपाथवर मुलगी बँकेचं ॲप उघडायचा प्रयत्न करत राहिली. ॲप उघडेना. एवढाच मजकूर येत होता की कृपया आम्हाला फोन करा. मी जिलेबीच्या दुकानाकडे बघत उभा होतो. मला कळलं होतं.

ती अठराची, त्यामुळे बँक माझ्याशी बोलायला तयार नव्हती. तिच्याशीच बोलणार. फोन लावायच्या आधी मी तिला माझ्या खोलीत बोलावून दार लावलं. "सांग, चुलत काकांनी युनिव्हर्सिटीसाठी भेट दिली."

"पण तसं नाहीये ना?"

"अगं, सोपं पडतं सांगायला. आणि आईला आत्ता नको बोलूस. उगाच टेन्शन घेईल ती."

तिनं फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडची बाई शांत, गोड आवाजात एकेक विचारत गेली. काकांचं पूर्ण नाव? ते कुठे राहतात? शेवटचं कधी भेटलात? मुलगी माझ्याकडे बघायची, मी ओठ हलवून उत्तर सांगायचो, ती ते म्हणायची. शेवटी ती बाई म्हणाली, "यांतल्या एका व्यक्तीनं तुम्हाला ओळखत नसल्याचं आम्हाला कळवलंय. आणखी काही सांगायचंय का?" मी मान हलवली. नाही. "नाही," मुलगी म्हणाली.

खातं बंद झालं. तिनं दुसऱ्या बँकेत अर्ज केला. नकार आला. तिसरीकडेही तेच. मग समजलं की तिच्या नावापुढे फसवणुकीची खूण लागली आहे. ती सगळ्या बँकांना दिसते आणि वर्षानुवर्षं राहू शकते. इथे सरकारी शिक्षणकर्ज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातच येतं. खातं नाही तर कर्ज नाही. कर्ज नाही तर हॉस्टेलचं भाडं नाही. निकाल यायच्या आधीच तिचं कॉलेज हातातून निसटायला लागलं होतं, आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

पुण्यातले माझे रुपये मी आधीच त्या अदबशीर माणसाच्या हवाली केले होते. मी त्याला मेसेज केला. त्यानं लगेच उत्तर दिलं. "होतं असं कधी कधी सर, काळजी करू नका. उरलेली रक्कम द्यायची आहे. दुसरं खातं द्या. मिसेसचं चालेल."

मी बायकोच्या खात्याचा नंबर शोधायला ड्रॉवर उघडला. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. ड्रॉवरमध्ये हात घालून मी बराच वेळ बसलो होतो, आणि खाली बायको भाजी फोडणीला टाकताना मला म्हणत होती, "अरे, जेवायला ये." मी ड्रॉवर बंद केला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवरून त्या माणसाचा फोटो गायब झाला, मग नंबरही लागेना. तेव्हापासून अनोळखी नंबरचा फोन वाजला की मी फोन पालथा ठेवतो. दारावर कुरिअरवाला आला तरी मी आधी पडद्याआडून बघतो.

बायकोला खातं बंद झाल्याचं कळलं, कशामुळे ते नाही. तिला वाटलं मुलगी कुठल्यातरी ऑनलाइन भानगडीत फसली. मी तसं वाटू दिलं. एका मित्रानं विचारलं तर मी म्हणालो, "काय सांगू, मुलांना कळत नाही रे." एवढं वाक्य पुरलं. मंडळात पसरायला आठवडाही लागला नाही.

निकाल चांगला लागला. एका घरी बागेत बार्बेक्यू होतं. तिथे मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ डॉक्टरकाका खुर्चीतूनच तिला म्हणाले, "काय गं, बापाचं लेक्चर चालू असताना झोपली होतीस वाटतं?" हशा पिकला. काकांना चेव आला. "हल्लीची पोरं! पन्नास पाउंडासाठी अकाउंट भाड्यानं देतात. अगं, पैसे हवे होते तर मला सांगायचं, बागेतलं गवत कापून घेतलं असतं!" पुन्हा हशा. काका मनानं वाईट नाहीत. खरं काय ते त्यांना माहीतच नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती. मी शेगडीपाशी कणसं भाजत होतो. मी एक कणीस उलटं केलं. मग दुसरं. मग पहिलं पुन्हा.

परत येताना बायको गाडी चालवत होती. मागून आवाज आला, "बाबा, कणसं छान भाजली होतीस."

"काय झालं?" बायकोनं आरशात बघून विचारलं.

"सांग ना आईला. नाहीतर मी सांगते."

मी सांगितलं. बायकोनं पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझं खातं का नाही दिलंस?" तिनं विचारलं, आणि उत्तरही तिनंच दिलं. "मी प्रश्न विचारले असते म्हणून. ही लहान आहे, ऐकेल, म्हणून हिचं."

मागे मुलगी खिडकीबाहेर बघत होती. "ते पैसे कोणाचे होते?" ती म्हणाली.

"बँक परत करते ते, तू नको काळजी करूस."

"परत करतात का, ते नाही विचारलं मी. कोणाचे होते?"

इतक्या आठवड्यांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. माझे रुपये गेले, माझी नोकरी जाईल, माझं नाव खराब होईल, इथवरच माझा विचार पोचत होता.

सोमवारी मी ऑफिसात सगळं सांगितलं. मग बँकेला लिहून दिलं की व्यवहार माझा होता, खातं मी वापरलं आणि खोटं बोलायलाही मीच लावलं. मला त्या प्रोजेक्टवरून काढलं, पुढचं अजून ठरलेलं नाही. माझ्या खात्याची तपासणी चालू आहे. मंडळाच्या ग्रुपवरही लिहिलं. डॉक्टरकाका दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आले, मुलीसमोर बसले आणि "चुकलो गं मी" म्हणून चहा न घेता निघून गेले. पोलिसांनी माझा जबाब घेतला तेव्हा मी मुलीचा प्रश्न त्या अधिकाऱ्याला विचारला. फार काही सांगता येणार नाही, तो म्हणाला. ज्यांना फसवून ते पैसे पाठवायला लावलं होतं त्यांपैकी एक बाई एकट्या राहतात, आणि आता घरचा फोन वाजला तरी त्या उचलत नाहीत, एवढंच त्यानं सांगितलं.

यंदा शाळा संपवून निघालेल्या मुलांना माझ्यासारख्या माणसानं काय सांगावं? तरी एक सांगतो. खातं मागणारा गल्लीतला गुंड नसतो. तो घरातला असतो, 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणतो आणि नाव विचारलं की चिडतो. तो चिडला की समजा, तुम्ही बरोबर प्रश्न विचारलाय. नाही म्हणा. उद्धट ठरलात तर ठरा.

सप्टेंबर संपत आला. तिच्या मैत्रिणी गेल्या. तिची युनिव्हर्सिटीतली जागा एक वर्षासाठी पुढे ढकलून मिळाली आहे, पण ती खूण निघाली तरच त्या जागेचा उपयोग. बँकेचं उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा काय येईल, कुणी सांगू शकत नाही. ती सुपरमार्केटच्या कॅफेत काम करते, आणि तिचा पगार सध्या आईच्या खात्यात जातो.

या काळात मी तिला सॉरी पुष्कळदा म्हणालो होतो. मेसेजवर, जेवताना, जिन्यात. प्रत्येक वेळी त्यामागे काहीतरी जोडलेलं असायचं. सगळेच करतात. मला कुठे माहीत होतं. तुझ्याच फीसाठी होते. ती ऐकून घ्यायची आणि खोलीत निघून जायची.

गेल्या शनिवारी दुपारी तिला आणायला गेलो. ती गाडीत बसली, ॲप्रन काढून मांडीवर ठेवला, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली नाही.

"काय?" ती म्हणाली.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "पैसे येण्याआधीच मला वाटलं होतं की यात काहीतरी घाण आहे. म्हणून माझं खातं दिलं नाही, तुझं दिलं. तू नाव विचारलंस तर तुझ्यावर चिडलो. मग तुला खोटं बोलायला लावलं. आणि सगळे तुला हसले तेव्हा स्वतःला वाचवायला गप्प बसलो. तुझी यात काहीही चूक नाही. सगळी माझी आहे. मी तुझी माफी मागतो."