डब्यावरच्या खुणा

माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरात सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. दूध तापेपर्यंत गॅससमोर उभं राहणं मला जमत नाही, आणि ते उतू जाईल या धास्तीने दुसरं कामही सुचत नाही. असल्या बाईने कोंबडीची पिल्लं वाढवू नयेत. पण विसरवाडीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, आमच्या घरामागेच शेड आहे आणि त्यात दर दोनेक महिन्यांनी एक दिवसाची पिल्लं येतात. पहिला आठवडा त्यांना ऊब देणं हेच खरं काम. ऊब कमी पडली की ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

शेड सांभाळायला जवळच्या पाड्यावरची एक मावशी येते. घरी ती मावची बोलते, आमच्याशी अहिराणी. इतकी वर्षं गॅसचे हीटर तीच चालू-बंद करायची, पिल्लं कशी बसलीत ते बघून. मला ते अंदाजपंचे वाटायचं. म्हणून या पौषात मी हट्टाने यंत्र बसवून घेतलं.

यंत्राचे दोन भाग. एक डबा शेडच्या भिंतीवर पक्का, हीटर चालवणारा, हाताने चालू-बंद करायला त्याला एक बटण. दुसरा तळहाताएवढा, पडद्याचा, तारेशिवाय चालणारा. सुरतेकडून आलेल्या फिटरने तो दोरीने पिल्लांच्या डोक्यावर वीतभर टांगला आणि बरंच काही सांगितलं. मी त्यातलं निम्मं ऐकलं. तार नाही म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखंच असणार, हे मी माझ्या मनाने ठरवून टाकलं. पडद्यावर तापमानाचा आकडा आणि त्याशेजारी खुणा होत्या. ज्योत दिसली की हीटर चालू. अँटेना दिसली की दोन्ही डब्यांचं एकमेकांशी जुळलेलं. बॅटरी, कुलूप आणि एक छोटंसं घर. घर म्हणजे आमची शेड, असं मी धरून चालले.

संध्याकाळी मावशीला बजावलं, "आते बटनले हात लावानं नही. मशीन सर्व करी."

ती "बरं" म्हणाली.

रात्र नीट गेली, फक्त माझी नाही. शेडमध्ये शिरायचं तर दाराशी चपला बदला, औषधाच्या पाण्यात पाय बुडवा, मग आत जा. पहाटेपर्यंत माझ्या टाचा पांढऱ्या पडल्या होत्या. उजाडताना नवरा चुळा भरता भरता म्हणाला, "एक जागावर बस ना जराशी." मला ते पटलं. मी शेडमध्ये गेले, दोरी सोडली, पडद्याचा डबा घरी आणला आणि गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर ठेवला. आता भाकरी थापता थापता लक्ष ठेवता येणार होतं. मी डबा नेत असताना मावशी बघत होती.

तव्यावर पहिली भाकरी पडली आणि आकडा चढायला लागला. थोड्या वेळाने ज्योत गेली. शेड तापली, म्हणून हीटर थांबला. किती दिवसांनी मी निवांत चहा प्यायले.

बाहेर गार वारा सुटला होता. मावशी मागच्या दाराशी आली. "बेन, पिलं गठ्ठा करी ऱ्हायनात. थंडी वाजी ऱ्हायनी त्यास्ले."

मी पडद्याकडे पाहिलं. आकडा हवा त्याहून वरच होता. "तू शेडना बाजूना पडदा उघडा ऱ्हाऊ दिधा व्हई."

"नही बेन. बंदच शे."

"मग मशीन खोटं बोलस का?" माझा आवाज चढला. नवीन यंत्र तिला खुपतंय, असंच माझ्या मनात आलं, आणि ते मी तिला ऐकवलंही. ती परत गेली.

तेवढ्यात अँटेना लुकलुकायला लागली आणि मला कामच मिळालं. बॅटऱ्या काढल्या, घासल्या, परत घातल्या. टीव्हीच्या रिमोटमधल्या काढून त्या घातल्या. कुलपाचं बटण दाबून धरलं, सोडलं. डबा घेऊन खिडकीशी गेले, परत शेगडीशी आले. अँटेना स्थिर झाली. आकडा तोच, ज्योत नाहीच. सगळं बरोबर दिसत होतं आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मावशी पुन्हा आली. या वेळी उंबऱ्याबाहेरच थांबली. "तीन मरी गयात," एवढंच म्हणाली आणि वळली.

मी फिटरला फोन लावला आणि त्यालाच झापलं. त्याने शांतपणे विचारलं, आकड्याजवळ घर दिसतंय का. दिसतंय, म्हटलं. ते घर म्हणजे डबा जिथे आहे ती जागा, आकडा तिथल्याच हवेचा आणि हीटर त्यावरच चालतो, तो म्हणाला. डबा कुठे आहे?

माझ्या हातात होता. पुढ्यात तवा होता.

तो पुढे काय बोलला ते मला आठवत नाही. मी शेगडी बंद न करताच धावले, चपलाही बदलल्या नाहीत, पाय बुडवायचं तर सुचलंच नाही. आत बर्फासारखं गार. कोपऱ्यात पिल्लांचा ढीग झाला होता आणि मावशी दोन्ही हातांनी तो मोकळा करत होती, वरची उचलून बाजूला, खालची पदरात. तिच्या पदरात कितीतरी होती आणि त्यातली काही हलत नव्हती.

"मन्ही चूक व्हयनी, मावशी," मी म्हटलं. "डबा मी घर लई गयथू."

तिने मान हलवली. तिला ते सकाळपासून माहीत असावं. मग ती पदर सावरत भिंतीपाशी गेली, बटणासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं, "बेन, आते लावू का हात?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. मी मान डोलावली, आणि तेवढ्या वेळात तिच्या पदरातलं आणखी एक पिल्लू मान टाकून पडलं.